उसन्या नावावरचा खेळ

हा समोर दिसतोय तो पारदर्शक प्लास्टिकचा पिरॅमिड, आणि त्याच्या आत कायमचे बंद झालेत जळक्या कागदाचे तुकडे. जरा जवळून बघा, एका तुकड्यावर नाव अजून वाचता येतं... डायना जोन्स. आता ही डायना कोण, तर कोणीच नाही. मूळ नाव होतं इंडियाना जोन्स, म्हणजे हॉलिवूड सिनेमातला तो साहसी हिरो, त्यातली पहिली दोन इंग्रजी अक्षरं आगीत गेली आणि उरलं ते हे.

१९८४ साली टीएसआर कंपनीने, म्हणजे ज्यांनी १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स आणलं त्यांनीच, इंडियाना जोन्सवर टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम काढला, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ, थोडक्यात आरपीजी. पुढे ते नाव वापरायच्या लायसन्सची मुदत संपली. मुदत संपली की माल विकायचा हक्कही संपतो, मग न खपलेल्या प्रती करायच्या काय? जाळल्या. टीएसआरच्या ब्रिटनमधल्या लोकांनी शेवटच्या प्रतीचे जळके अवशेष जपून ठेवले आणि त्यातूनच ही ट्रॉफी झाली, डायना जोन्स अवॉर्ड. २००१ पासून गेमिंगमधल्या उत्तम कामासाठी हे अवॉर्ड देतात.

सिनेमावरच्या आरपीजीचा सगळा धंदा समजून घ्यायचा असेल तर मला वाटतं या पिरॅमिडपासूनच सुरुवात करावी. कारण इथे पुस्तक तुमचं, नियम तुमचे, मेहनत तुमची, पण कव्हरवरचं नाव दुसऱ्याचं असतं आणि ते एक दिवस परत करावं लागतं.

मग कंपन्या या भानगडीत पडतात तरी का? साधं आहे. नवीन जग तयार केलं की ते आधी लोकांना समजावून सांगावं लागतं, पानंच्या पानं त्यात जातात, आणि एवढं करून कोणी वाचेल याची खात्री नाही. पण सिनेमा सगळ्यांनी बघितलेला असतो. गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि गोष्ट सांगणारा, नुसतं म्हणाला की "समोरचा दरवाजा बंद आहे आणि व्हेंटमधून खरखर आवाज येतोय", तरी टेबलावरच्या प्रत्येकाच्या डोळ्यासमोर तोच अंधारा कॉरिडॉर येतो. तिथपर्यंत पोचायची अर्धी वाट सिनेमाने आधीच करून ठेवलेली असते.

पण नाव घेतलं की त्याच्या अटीही आल्या. रॉयल्टी द्यायची, मजकूर आणि चित्रं मालकाकडून मंजूर करून घ्यायची, आणि हक्क नक्की कशाचे मिळालेत हे डोळ्यात तेल घालून बघायचं. १९८३ मध्ये व्हिक्टरी गेम्सने जेम्स बाँडचा गेम काढला, पण बाँडचे ते प्रसिद्ध शत्रू, स्पेक्टर ही गुन्हेगारी संघटना, कंपनीला वापरताच आले नाहीत कारण त्या नावाच्या हक्कांचा वाद चालू होता, मग त्यांनी टॅरो नावाची वेगळी संघटना बनवली. आणि एक फार हुशारीची गोष्ट केली, सिनेमांवरच्या साहसांमध्ये कथेचे धागे मुद्दाम बदलले, म्हणजे ज्याने सिनेमा पाठ केलाय त्यालाही पुढे काय होणार ते कळू नये. हे मला मनापासून आवडतं. २००५ मधल्या, सेरेनिटी याच नावाच्या सिनेमावरच्या गेमचं तर असं की हक्क मिळाले होते फक्त सिनेमाचे, ज्या टीव्ही मालिकेतून तो सिनेमा निघाला तिचे नाहीत.

इंडियाना जोन्सच्या मूळ बॉक्समध्ये मात्र स्वतःचं पात्र बनवायचे नियमच नव्हते, खेळायचं तर इंडी किंवा सिनेमातलंच दुसरं कोणीतरी होऊन. माझ्या मते तिथेच घोळ झाला. लोक टेबलाशी बसतात ते त्या जगात स्वतःसाठी एखादा कोपरा शोधायला, हिरोचे डायलॉग परत म्हणायला कोणी येत नाही.

चांगला गेम सिनेमाची गोष्ट तशीच उचलत नाही, तो सिनेमा बघताना जे वाटतं ते पकडतो. स्वीडनच्या फ्री लीग कंपनीने २०१९ मध्ये एलियन या भयपटावरचा गेम आणला, त्याचे फासे बघा. साधे सहा बाजूंचे, सहा पडला की जमलं. नाही जमलं तर जीवावर उदार होऊन परत टाकता येतात, पण मग पात्राचा स्ट्रेस, म्हणजे ताणाचा आकडा, एकाने वाढतो, आणि प्रत्येक स्ट्रेसमागे एक पिवळा फासा हातात जास्तीचा येतो. म्हणजे तुम्ही जितके घाबरलेले तितके फासे जास्त, यशाची शक्यताही जास्त, घाबरलेला माणूस सावध असतोच ना! पण त्या पिवळ्यांपैकी एकावर जरी एक पडला की पॅनिकचा रोल करायचा, आणि मग हातातली वस्तू पडेल, किंचाळाल, पळत सुटाल, काहीही. मूठभर पिवळे फासे हातात घेऊन बसलेल्या खेळाडूचा चेहरा बघा एकदा, टाकायचे तर आहेत पण मूठ काही उघडत नाही. २०२० मध्ये या गेमला बेस्ट गेमचं एनी गोल्ड, म्हणजे आरपीजींसाठीच्या एनी पुरस्कारांतलं सुवर्ण, मिळालं ते उगाच नाही.

आणि आता ज्या गेमशिवाय हा विषय पुराच होत नाही तो, स्टार वॉर्स. १९८३ ला तिसरा सिनेमा येऊन गेला होता, १९८६ मध्ये मार्व्हलचं कॉमिकही बंद पडलं, सगळं शांत शांत. आणि अशात १९८७ ला वेस्ट एंड गेम्सने आरपीजी आणला, आदल्या वर्षीच्या त्यांच्याच घोस्टबस्टर्स गेममधली मूठभर फाशांची पद्धत पुढे नेऊन. गेमवाल्यांना सगळ्याची नावं लागतात, कारण खेळाडू विचारणारच की तो बारमध्ये बसलेला हातोड्यासारख्या डोक्याचा प्राणी कोण, मला तोच व्हायचंय. मग त्यांनी नावं ठेवली. इथोरियन, रोडियन, ट्वि'लेक, ही नावं या पुस्तकांतून आली. १९९१ मध्ये टिमथी झान यांची कादंबरी आली आणि स्टार वॉर्सला नवी पालवी फुटली, ती लिहिताना त्यांना संदर्भासाठी याच गेमची पुस्तकं पाठवली होती. म्हणजे ज्यांनी नाव उसनं घेतलं त्यांनीच मूळ मालकाच्या घरात भर घातली.

आणि तरी १९९८ मध्ये वेस्ट एंडचं दिवाळं निघालं. लायसन्स गेलं विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे, २००० पासून २०१० पर्यंत त्यांच्याकडे राहिलं, मग फँटसी फ्लाइट ही दुसरी कंपनी, आणि तिथलं आरपीजीचं काम थांबल्यावर एज स्टुडिओ. लायसन्सवाली कंपनी बदलली की बहुतेक वेळा नियम नवे, पुस्तकं नवी, फासे सुद्धा नवे, फँटसी फ्लाइटच्या फाशांवर तर आकडेच नव्हते, खास चिन्हं होती. खेळणाऱ्यांच्या कपाटात एकाच आकाशगंगेची तीन वेगवेगळी गणितं, आणि एकातलं पात्र दुसऱ्यात नेता येत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं एकच मोहीम, म्हणजे त्याच पात्रांची सलग गोष्ट, चालवलीय त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नाहीये.

पण यातले बरेच जण जुन्या पुस्तकावरूनच खेळत राहिले. लायसन्स कंपनीचं संपतं, टेबलावरचं पुस्तक कोणी परत मागत नाही. आणि २०१८ मध्ये असं झालं की फँटसी फ्लाइटने स्वतःचा स्टार वॉर्स आरपीजी बाजारात असताना, वेस्ट एंडचं ते १९८७ चं रूलबुक आणि त्याच्या जोडीचं सोर्सबुक, म्हणजे त्या जगाची माहिती देणारं पुस्तक, दोन्ही एका खोक्यात घालून परत छापलं, नियम तेच, सहा बाजूंचे साधे फासे तेच.