स्तोत्र ५०: ‘मी गप्प राहिलो’

श्रोतेहो, नमस्कार.

आज आपण स्तोत्रसंहितेतलं ५०वं स्तोत्र बघणार आहोत. हाताशी पवित्र शास्त्र असेल तर उघडा, नसेल तर नुसतं ऐका. २३ वचनांचं स्तोत्र आहे. चाल लावून आळवावं असं ते मुळीच नाही, कारण त्यात एक खटला चालला आहे.

लिहिणारा आसाफ. दावीद राजानं कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, यरुशलेमेत आणला, तेव्हा गायन-वादनासाठी जे लेवी, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातले लोक, नेमले गेले त्यांतला हा एक. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात त्याचं वाद्यसुद्धा सांगितलेलं आहे: पितळेच्या झांजा. त्याच्या नावावर १२ स्तोत्रं आहेत. त्यांतली ११ सलग येतात, ७३ ते ८३. हे एकटंच पुढे येऊन बसलं आहे. मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. उपासना हेच ज्याचं रोजचं काम, तो माणूस सांगतो आहे की देवानं उपासकांवरच फिर्याद केली आहे. बाहेरचा कुणी असं म्हणाला असता तर आपण त्याला तिथल्या तिथे उडवून लावलं असतं. पण हा झांजा वाजवणारा, आतला माणूस.

सुरुवातीला देव सियोनेतून, म्हणजे यरुशलेमेतल्या त्याच्या डोंगरावरून, येतो. पुढे भस्म करणारा अग्नी, भोवती सोसाट्याचं वादळ. वरच्या आकाशाला आणि खालच्या पृथ्वीला तो साक्षीला बोलावतो. एवढी तयारी बघून आपल्याला वाटतं, आता दुष्टांचं काही खरं नाही. आणि पुकारा कुणाचा होतो? यज्ञ करून ज्यांनी माझ्याशी करार केला, त्या माझ्या भक्तांना गोळा करा. म्हणजे पिंजऱ्यात आपणच! फिर्यादी तोच, साक्षीदार तोच, न्यायाधीशही तोच. अशा न्यायालयात वकील देऊन काय उपयोग?

बरं, आरोप तरी काय? यज्ञ चुकले असा आरोप नाही. तुमचे होमबली, म्हणजे वेदीवर पूर्ण जाळलेले पशू, रोज माझ्यापुढे आहेतच, असं देव स्वतःच म्हणतो. पण तुझ्या गोठ्यातला गोऱ्हा मला नको, तुझ्या वाड्यातला बोकड नको. रानातलं प्रत्येक जनावर माझं आहे, हजार डोंगरांवरची गुरं माझी आहेत. आणि मग एक वाक्य येतं, त्यातला खोचकपणा सहज निसटून जातो: मला भूक लागली, तरी मी तुला सांगणार नाही.

त्या काळी आजूबाजूच्या लोकांत ही कल्पना चांगलीच रुजलेली होती, की देवांना नैवेद्य लागतो, तो नसेल तर त्यांचे हाल होतात. बाबेलच्या एका जुन्या जलप्रलयकथेत तर बळीचा वास येताच देव माश्यांसारखे गोळा होतात. इस्राएलातल्या शहाण्या माणसाला हे हास्यास्पदच वाटलं असतं. तरी मनात कुठेतरी हिशेब चालूच असतो: मी इतकं दिलं, आता देवाकडे माझं येणं निघतं. आसाफाचा देव पहिल्यांदा ही वहीच फाडून टाकतो.

मग त्याला हवं तरी काय? आभाराचा यज्ञ कर, म्हणतो. नवस फेड. संकटात मला हाक मार. मी तुला सोडवीन आणि तू माझा गौरव करशील.

इथे जरा थांबू या. आभाराच्या यज्ञाला इब्री भाषेत ‘तोदा’ म्हणतात. त्याचे नियम पवित्र शास्त्रातल्या लेवीय नावाच्या पुस्तकाच्या ७व्या अध्यायात आहेत, आणि ते वाचताना मजा येते. पशूबरोबर तेलात मळलेल्या बेखमीर, म्हणजे न आंबवलेल्या पोळ्या, तेल लावलेल्या पातळ चपात्या, आणि शिवाय खमीर घातलेली भाकरसुद्धा आणायची. होमबली सगळा जळून जातो. इथे मात्र आणणारा स्वतः जेवायला बसतो. अट एवढीच, की मांस त्याच दिवशी संपलं पाहिजे, सकाळपर्यंत काही उरता कामा नये. नवसाचा यज्ञ दुसऱ्या दिवशी खाल्ला तरी चालतो, आभाराचा नाही. कारण नियमात दिलेलं नाही, तेव्हा हा माझा तर्क समजा: एक अख्खं जनावर एका दिवसात एका घराला संपतं थोडंच? चार जणांना बोलवावं लागतं. आले की ते विचारणार, कशाबद्दल रे हे? मग सांगावं लागतं, मी कुठे अडकलो होतो आणि कुणी सोडवलं. एकट्यानं गुपचूप आभार मानायची सोयच ठेवलेली नाही.

आता हाच ‘तोदा’ शब्द एका फार वेगळ्या जागी येतो. यहोशवाच्या पुस्तकात, ७व्याच अध्यायात. इस्राएलानं जिंकलेल्या यरीहो नगराच्या लुटीतलं काहीही घ्यायचं नाही अशी सक्त आज्ञा होती. आखान नावाच्या एका इस्राएली माणसानं एक सुंदर झगा, २०० शेकेल (त्या काळचं वजन) चांदी आणि सोन्याची एक लगड लपवली. तंबूतच जमीन उकरून पुरली, चांदी सगळ्यांत खाली. पकडला गेल्यावर इस्राएलाचा पुढारी यहोशवा त्याला म्हणतो, माझ्या मुला, परमेश्वराचा गौरव कर, त्याला ‘तोदा’ दे, तू काय केलंस ते सांग. बऱ्याच भाषांतरांत तिथे कबुली असा शब्द येतो. पुढे आखानाला दगडमार झाला. ती कथा गोड शेवटाची नाही आणि मी ती गोड करून सांगणार नाही. पण आभार आणि कबुली यांना एकच शब्द का?

मला वाटतं, दोन्ही ठिकाणी माणूस एकच वाक्य बोलत असतो: हे माझं नव्हतं. चोरी कबूल करणारा म्हणतो, मी घेतलं ते माझं नव्हतं. आभार मानणारा म्हणतो, मला मिळालं ते माझं नव्हतं. आणि वर हजार डोंगरांवरची गुरं उभी आहेतच. प्रेषित पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे, देवाची ममता तुला पश्चात्तापाकडे नेते. धाकानं नेते असं तो म्हणत नाही.

पण खटला अजून संपलेला नाही. १६व्या वचनापासून देव दुसऱ्या लोकांकडे वळतो, आणि हेही नियमशास्त्र तोंडपाठ असलेलेच आहेत. माझे नियम बोलून दाखवायचा तुला काय अधिकार? चोर दिसला की तू त्याच्याशी गट्टी करतोस, व्यभिचाऱ्यांत ऊठबस करतोस. आणि पुढे: तू बसून आपल्या भावाविरुद्ध बोलतोस.

त्या ‘बसून’वर मी एकदा चांगलाच अडखळलो. रागाच्या भरात माणूस उभ्या उभ्या बोलून जातो, ते वेगळं. हे निवांत, मांडी घालून बोलणं. प्रार्थनासभा संपल्यावर मी आणि एक मित्र असेच बसलो होतो. मीच सुरुवात केली, ‘प्रार्थनेत आठवण ठेवावी म्हणून सांगतोय हं’, आणि मग मंडळीतल्या एका भावाचं सगळं घर बाहेर काढलं. त्याचं कर्ज, मुलाचं वागणं, सगळं. आवाज अगदी काळजीचा. घरी आलो, जेवलो, झोपलो. काहीही झालं नाही.

पुढचं वचन त्याबद्दलच आहे. तू हे केलंस आणि मी गप्प राहिलो. तुला वाटलं, मीही तुझ्यासारखाच आहे. श्रोतेहो, अख्ख्या स्तोत्रात मला सर्वांत भीती वाटते ती या वचनाची, पेटत्या अग्नीची नाही. वीज पडली नाही याचा अर्थ आपण लावतो, की चालतंय. हळूहळू देव आपल्याच तोंडावळ्याचा होत जातो, आपल्या सगळ्या बोलण्याला मान डोलावणारा. तो गप्प असतो ते आपल्याला फिरायला वाव मिळावा म्हणून, हे ध्यानातच येत नाही. त्याच्या पुढचं वचन कठोर आहे, तेही मी सौम्य करत नाही: देवाला विसरणाऱ्यांनो, हे ध्यानात घ्या, नाहीतर मी तुम्हाला फाडून टाकीन आणि सोडवायला कोणी असणार नाही.

विसरणाऱ्यांनो. आरोपाचं नाव काय, तर विसरणं.

काही दिवसांनी हे स्तोत्र वाचताना मला आठवलं, माझे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा उशाशी जागायला कोण आलं होतं. हाच भाऊ. ओळीनं तीन रात्री. मी त्याचे धड आभारही मानले नव्हते. घाईगडबडीत राहून गेलं, आणि मग विसरूनच गेलो. आठवण असती तर त्या संध्याकाळी माझी जीभ तशी सुटली असती का?

मी त्याच्याकडे गेलो. वाटेत माफीची वाक्यं जुळवली होती. दार उघडलं, आणि तोंडातून आलं ते असं: ‘बाबांच्या वेळी तू तीन रात्री जागलास.’ तो गोंधळला. म्हणाला, ‘अरे, त्याला किती वर्षं झाली! आज काय त्याचं?’ मग मी बाकीचं सांगितलं. सगळं, कुणापुढे काय बोललो तेसुद्धा.

तो बराच वेळ दाराची कडी धरून उभा होता. मग बाजूला सरकला आणि म्हणाला, ‘आत ये.’