नील बेटावर जायचंय? मग मे महिना सोडा

नमस्कार मंडळी. लेकरांच्या परीक्षा संपत आल्या की घरोघरी फिरायला कुठं जायचं हे सुरू होतं, आणि आता आपल्या लातूर-नांदेडकडंही बरेच जण अंदमान म्हणायलेत, त्यातही ते छोटं नील बेट, २०१८ पासून त्याचं सरकारी नाव शहीद द्वीप. जरूर जा, पण मे महिन्यात नको. आपण इकडं जूनच्या पावसाकडं डोळे लावून बसतो, तिकडं मात्र मान्सून मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पोचतो आणि समुद्र खवळला की बोटी बंद. दिवाळीचाही भरवसा नाही, तो बंगालच्या उपसागरातला वादळांचा काळ. डिसेंबर ते मार्च बेस्ट, त्यासाठी शाळा चार दिवस बुडाली तर बुडू द्या.

विमान पोर्ट ब्लेअरपर्यंत, म्हणजे आताचं श्री विजयपुरम. नांदेडकरांनी मुंबईला जायचीच गरज नाही, हैदराबाद जवळ, तिथून चेन्नईमार्गे जाता येतं. पुढं नीलला सहसा बोटीनंच, म्हणून परतीच्या विमानाच्या एक दिवस आधीच बेट सोडा, बोट रद्द झाली तर विमानाचं तिकीटही जातं.

आता खरी मजा. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर दगडाची नैसर्गिक कमान आहे, तिथं जायचं ते ओहोटीलाच. पाणी मागं सरलं की खडकांच्या खळग्यांत थोडं पाणी राहतं, त्यात बोटाएवढे रंगीत मासे, खेकडे, लेकरांना तिथून हलवणं मुश्किल! ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, त्यामुळं हॉटेलवाल्याला आदल्या रात्रीच विचारून ठेवा. आणि डिसेंबरात तिथं पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, दुपारी ताणून दिली की दिवस गेलाच.

एक कळकळीनं सांगतो. चारी बाजूंनी समुद्र असला तरी बेटावर गोडं पाणी पावसाचंच, साठवलेलं. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, त्यामुळं हंडाभर पाण्याची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको. समुद्रातून आल्यावर अंगावरचं मीठ काढायला अर्धी बादली पुरते, शॉवर सोडून उभं राहू नका.

आणि हो, पोवळ्याचा तुकडा, अगदी मेलेला पडलेला असला तरी, उचलायचा नाही, कायद्यानं बंदी आहे. लेकरांचे खिसे हॉटेल सोडायच्या आधीच तपासा.