चोपन्न हजार मतांचं अंतर
(मंडळाच्या महाराष्ट्र दिन मेळाव्यातील भाषण, संपादित)

मित्रहो, नमस्कार.

महाराष्ट्र दिनाला केबेकवर, कॅनडातल्या आपल्या या फ्रेंचभाषक प्रांतावर, बोलतो म्हटल्यावर कार्यकारिणीतल्या एक-दोघांनी विचारलं, आज हा विषय कशाला? मला तो आजचाच वाटतो. १ मे १९६० ला मराठी माणसाला त्याचं राज्य मिळालं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २२ जूनला, इथे केबेकचे प्रीमिअर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, म्हणून ज्याँ लेसाज निवडून आले आणि दोन वर्षांनी ‘आपल्या घरचे मालक आपणच’ ही त्यांच्या पक्षाची घोषणा झाली. या घोषणेचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

मी १९९० साली माँट्रियलला आलो. शहरातल्या कोत-दे-नेज भागात एका वयस्कर फ्रेंचभाषक बाईंकडे खालचा मजला भाड्याने घेतला. बाईंनी तरुणपणी शहरातल्या एका मोठ्या दुकानात नोकरी केली होती. गिऱ्हाईक फ्रेंच, विकणारी फ्रेंच, आणि बोलायचं मात्र इंग्रजीत, कारण वरच्या साहेबांना फ्रेंच येत नव्हतं. हे सांगताना इतक्या वर्षांनीही त्यांचा आवाज कापायचा. केबेकच्या वेगळ्या देशाची मागणी कुठून उगवते ते मला त्यांच्या स्वयंपाकघरात बसून कळलं.

केबेक वेगळा देश व्हावा असं मानणारे प्रीमिअर रने लेवेक यांच्या सरकारने १९७७ मध्ये १०१ क्रमांकाचा भाषा कायदा आणला. दुकानाची पाटी फ्रेंच, कामाची भाषा फ्रेंच, बाहेरून आलेल्यांच्या मुलांना शाळा फ्रेंच. आमची मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा आम्हीही कुरकुर केली होती. आज ती आमच्याशी मराठीत बोलते, नवऱ्याशी इंग्रजीत आणि कामावर दिवसभर फ्रेंचमध्ये.

म्हणून मी ठामपणे सांगतो: केबेकने वेगळा देश होऊ नये. फ्रेंच इथे सावरली ती या कायद्याने, आणि तो कॅनडात राहूनच झाला. भाषेला शाळा लागते, कचेरी लागते, बाजार लागतो. ते प्रांताच्या हातात आलं. त्यासाठी वेगळं सैन्य आणि वेगळा पासपोर्ट लागला नाही. न्यायालयांनी या कायद्याची काही कलमं उडवली, कॅनडाची १९८२ ची राज्यघटना केबेकच्या संमतीशिवाय लागू झाली, तो सल काढण्यासाठी केलेला ‘मीच लेक’ करार १९९० मध्ये बारगळला, हे सगळं मला माहीत आहे. या जखमा खऱ्या आहेत. त्यांच्याकडे डोळेझाक करणारा, वेगळ्या देशाला ‘नाही’ म्हणणारा मला ‘हो’ म्हणणाऱ्यापेक्षा परका वाटतो.

३० ऑक्टोबर १९९५. केबेकने वेगळा देश व्हावं का, यावर सार्वमत. नागरिक झाल्यावर माझं ते पहिलंच मोठं मतदान. मतदान ९३ टक्क्यांच्या वर गेलं होतं. बाईंच्या खिडकीत ‘हो’चा फलक, आमचं मत ‘नाही’ला, आणि जिना एकच. ‘नाही’ला ५०.५८ टक्के मतं पडली. अंतर ५४,२८८ मतांचं. त्या रात्री प्रीमिअर जॅक पारिझो टीव्हीवर म्हणाले की आपण हरलो ते पैशामुळे आणि एथ्निक मतांमुळे. एथ्निक म्हणजे आम्ही, बाहेरून आलेले. पाच वर्षं इथे कर भरला, भाषा शिकायला घेतली, आणि त्या एका वाक्यात आम्ही दाराबाहेर. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा जाहीर केला. त्याच सकाळी बाई खाली आल्या. मतदानाचा विषय त्यांनी काढला नाही. रेडिएटर नीट तापतोय ना, एवढंच विचारलं आणि बराच वेळ दारात उभ्या राहिल्या.

‘आपण’ म्हणजे कोण, हा प्रश्न फक्त आमच्यासारख्यांचा नव्हता. मतदानाच्या सहाच दिवस आधी केबेकच्या उत्तरेकडच्या क्री या आदिवासी लोकांनी स्वतःचं वेगळं सार्वमत घेतलं होतं. ९६ टक्के लोकांनी केबेकबरोबर कॅनडाबाहेर जायला नकार दिला. केबेकला कॅनडातून निघता येत असेल, तर क्रींना केबेकमधून का निघता येऊ नये? याचं समाधान करणारं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

आपल्यात गोव्याची मंडळी आहेत, त्यांच्या घरी १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाची आठवण निघत असेल. फूल की दोन पानं? फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन होणं, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. तिथेही भाषेवरून घराघरांत दुफळी होती. पण कौल कसाही लागला असता तरी कुणाचा देश बदलणार नव्हता. विलीनीकरणाचा आग्रह धरणारे भाऊसाहेब बांदोडकर हरले आणि काही आठवड्यांतच निवडणूक जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले. वेगळा देश झाल्यावर असं माघारी येता येत नाही. एवढी मोठी गोष्ट ५४ हजार मतांच्या फरकावर ठरावी, मग ती कुठल्याही बाजूने का असेना, हे मला भयंकर वाटतं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये वेगळं होण्यासाठी स्पष्ट प्रश्न आणि स्पष्ट बहुमत मागितलं ते म्हणूनच मला पटतं. ते मिळालं तर कॅनडाला वाटाघाटीला बसावंच लागेल, हेही त्याच निकालात आहे, आणि तेही मला पटतं.

वेगळा देश मागणाऱ्या पार्टी केबेक्वा या पक्षाने सत्ता आली तर पहिल्याच कारकिर्दीत पुन्हा सार्वमत घेऊ असं जाहीर केलं आहे. ते झालं तर मी पुन्हा ‘नाही’ म्हणेन. पण तेव्हा ते फ्रेंचमध्ये, नीट, शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन सांगता आलं पाहिजे. आपल्यातले कितीतरी जण वीस-वीस वर्षं इथे राहून ‘बाँजूर’च्या पुढे गेलेले नाहीत, आणि हे मला खुपतं. प्रांताचे फ्रेंचचे वर्ग मोफत आहेत, संध्याकाळचेही असतात. शंकरपाळ्यांच्या टेबलाशेजारी वही ठेवली आहे. जाण्यापूर्वी नाव लिहा, गट करून एकत्र जाऊ.