अशोकारिष्टात कोणता अशोक?

नमस्कार श्रोतेहो. पाळीत अंगावरून जास्त जातं म्हणून बायका अशोकारिष्ट घेतात. त्यात अशोकाची साल खरी आहे का, हे पाहायचं ते कुटण्याआधी. भरड झाली की डोळ्यांना काही कळत नाही.

बेळगावात शाळेच्या कुंपणालगत उंच, सरळसोट झाडं दिसतात, त्यांनाही आपण अशोकच म्हणतो. तो आसुपालव. पान साधं, कडा नागमोडी, फुलं फिकट हिरवी. औषधाचा सीता-अशोक निराळा: पर्णिका जोडीजोडीने, फुलांचे घोस केशरी, पुढे लाल होणारे. साल आतून तांबूस, चवीला तुरट. आसुपालव हवा तेवढा मिळतो, म्हणून भेसळ त्याचीच.

फार्माकोपिया, म्हणजे औषधांचे दर्जे ठरवणारा अधिकृत ग्रंथ; त्याप्रमाणे साल जाळून उरणारी एकूण राख 11 टक्क्यांच्या आत हवी आणि आम्लात न विरघळणारी 1 टक्क्याच्या आत. ही दुसरी वाढली की समजावं, माल वाळू-मातीत वाळवलाय. अल्कोहोलमध्ये उतरणारा अंश 15 टक्क्यांहून कमी भरला, तर अर्क आधीच काढून घेतलेली साल असू शकते. झाड कोणतं, हे मात्र राख सांगत नाही. त्याला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि अस्सल नमुना शेजारी ठेवून केलेली टीएलसी, म्हणजे पातळ थरावर अर्कातले घटक वेगळे करून बघायची चाचणी.

आता भट्टीकडे. साल 4.8 किलो, पाणी 49 लिटर, आटवून चौथा हिस्सा ठेवायचा. त्यात गूळ 9.6 किलो, धायटीची फुलं 768 ग्रॅम, वर सुंठ-जिऱ्यासारखी प्रक्षेपद्रव्यं, म्हणजे वरून घालायची औषधं. काढा गरम असताना धायटी टाकली तर तिच्यावरचं किण्व, म्हणजे आंबवणारं यीस्ट, मरतं आणि गुळाचं नुसतं पाणी उरतं. मृगानंतर घेतलेली फुलं दमट असतात, बुरशी धरतात. डिसेंबरच्या थंडीत आंबणं रेंगाळतं. तेव्हा तारीख बघून नव्हे, काडी बघून उघडावं. पेटती काडी भांड्याच्या तोंडाशी धरा: विझली तर वायू अजून निघतोय. जळत राहिली आणि फुलं तळाशी बसली, तरच गाळायचं. घाईनं भरलेल्या बाटल्यांची बुचं उडतात.

घेणाऱ्या भगिनींनो, बाटलीवर ‘आयुर्वेदिक औषध’, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि तारीख आहे ना, ते बघा. यात गूळ आहे, आंबवल्यानं तयार झालेलं अल्कोहोलही आहे; मधुमेह असेल, दिवस गेले असतील तर आपल्या मनानं घेऊ नका. आणि पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावर गेलं, तर बाटली बाजूला ठेवून आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.