धुक्यातला रस्ता आणि सरसाने चिकटवलेला पंख

हा रस्ता नीट बघा. फ्रान्सच्या उत्तरेला पिकार्डी नावाचा प्रांत आहे, तिथला, दोन्हीकडे शेतं आणि मधून सरळ गेलेला. तारीख 7 एप्रिल 1922, धुकं पडलंय, वर बारीक पाऊस. पॅरिसजवळच्या ल बुर्जे विमानतळावरून एक फार्मन गोलियाथ विमान लंडनच्या क्रॉयडनला निघालंय, आत पायलट, मेकॅनिक आणि तीन प्रवासी, प्रवाशांतले दोघं नवराबायको, अमेरिकन, नुकतंच लग्न झालेलं. आणि तिकडून क्रॉयडनहून टपाल घेऊन एक इंग्रज विमान येतंय, त्यात पायलट आणि कोवळ्या वयाचा एक मदतनीस पोरगा. धुक्यात खालचं दिसेना म्हणून दोन्ही पायलट खाली आलेत, किती खाली, तर जमिनीपासून जेमतेम दीडशे मीटर. आणि दोघंही हाच रस्ता धरून चाललेत, एक इकडून, एक तिकडून.

तिएलोआ-सां-आंत्वान नावाच्या खेड्यावर ती दोन विमानं समोरासमोर धडकली. सातही माणसं गेली. प्रवासी विमानांची हवेत टक्कर झाल्याची ही पहिलीच घटना मानतात.

आता कुणाला वाटेल एवढं मोठं आभाळ, त्यात दोनच विमानं, धडकली कशी? पण तेव्हा विमान चालवणं म्हणजे खाली बघत चालवणं होतं. नदी दिसली की नदी, रेल्वेचे रूळ दिसले की रूळ, नाहीतर रस्ता. पायलट उघड्यावर बसायचा, तोंडावर वारा आणि पाऊस, गॉगलवर पाणी, समोर विमानाचं नाक आडवं आलेलं. आपल्याकडे 1932 साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले तेव्हासुद्धा विमानात रेडिओ नव्हता, म्हणजे पिकार्डीनंतर दहा वर्षांनी! त्यामुळे आभाळ कितीही मोठं असलं तरी खराब हवेत सगळी विमानं त्या एका रस्त्याच्या रुंदीत यायची, आणि डावीकडून जायचं की उजवीकडून हे सगळ्यांनी मिळून पक्कं ठरवलेलं नव्हतं. बैलगाडीवाल्यांनासुद्धा समोरून गाडी आली तर कुठल्या अंगाला घ्यायची हे माहीत असतं, इथे ते नव्हतं.

अपघातानंतर थोड्याच दिवसात विमान कंपन्यांची आणि पायलटांची क्रॉयडनला बैठक झाली आणि तिथे ठरलं की उजवी बाजू धरायची. विमानात रेडिओ असावा, पायलटला समोरचं स्वच्छ दिसावं, हेही तिथेच मांडलं गेलं.

रेडिओ आला की पुढचा प्रश्न, संकटात ओरडायचं काय? एसओएस तारेवर ठीक, पण त्या काळच्या खरखरत्या रेडिओवर 'एस' नीट ऐकूच यायचा नाही. क्रॉयडनचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी 1923 मध्ये एक शब्द सुचवला, मेडे. फ्रेंच लोक मदतीला या म्हणताना जे बोलतात त्याच्याशी जुळणारा, कारण क्रॉयडनची बरीचशी वाहतूक ल बुर्जेशीच होती, म्हणजे शब्द इंग्रजालाही कळायला हवा आणि फ्रेंचालाही. आजही जगातला प्रत्येक पायलट संकटात तोच शब्द तीनदा उच्चारतो.

पण रस्त्याचा घोळ निदान दिसणारा तरी होता. आता जे सांगतोय ते दिसतच नव्हतं, आणि मला स्वतःला तेच जास्त भीतीदायक वाटतं.

31 मार्च 1931, अमेरिका. कॅन्सस सिटीहून लॉस एंजेलिसकडे निघालेलं तीन इंजिनांचं फोकर विमान, कंपनी टीडब्ल्यूए. आत सहा प्रवासी, दोन पायलट. प्रवाशांमध्ये नूट रॉकनी, नोत्र दाम युनिव्हर्सिटीचे अमेरिकन फुटबॉलचे कोच, 43 वर्षांचे, तेव्हाच्या अमेरिकेत घरोघरी माहीत असलेला माणूस. कॅन्ससमधल्या बझार गावाजवळ, खराब हवेत, विमानाचा एक पंख तुटून वेगळा झाला. आठही जण गेले. आवाज ऐकून जी माणसं आधी पोचली त्यात जवळच्या शेतावरचा तेरा वर्षांचा एक मुलगा होता. तो पुढे म्हातारा होईपर्यंत, कोण कुठल्या लांबच्या माणसांना त्या कुरणात नेऊन जागा दाखवत राहिला.

पंख तुटला कसा? आधी सांगितलं गेलं की बर्फाचा तुकडा सुटून प्रोपेलरवर आपटला असेल, मग प्रोपेलर सापडला तर तो धड होता. त्यात बघ्यांनी अवशेषातले तुकडे आठवण म्हणून उचलून नेले होते, म्हणजे पुरावाच गेला, काय म्हणावं याला.

तर तो पंख लाकडी होता. आतला सांगाडा लाकडाचा, वरून प्लायवूड, आणि सगळं सरसाने चिकटवलेलं. सुताराला विचारा, पावसाळ्यात सरसाचं काय होतं ते तो सांगेल. ओल आत शिरली, सांधे कमजोर झाले, आणि बाहेरून पंख गुळगुळीत, चकचकीत, काही कळायला मार्ग नाही, कारण आत बघायचं तर वरचं प्लायवूडच काढायला लागायचं. मेकॅनिकने मनापासून तपासलं असतं तरी त्याला काय दिसणार होतं?

या वेळी लोक गप्प बसले नाहीत. तोवर अमेरिकन सरकारचं धोरण असं होतं की अपघाताचं कारण जाहीर करायचं नाही, उगाच कंपनीवर ठपका नको. रॉकनी गेले आणि देशभरातून विचारणा सुरू झाली, तेव्हा कुठे सरकारला तोंड उघडावं लागलं. मे महिन्यात या जातीची विमानं जमिनीवर उभी करून ठेवली गेली. मला यातली एकच गोष्ट सलते, की विमानात रॉकनी नसते आणि सगळी साधीच माणसं असती तर ती फाईल तशीच बंद झाली असती का.

टीडब्ल्यूएकडे आता लोक त्या विमानात बसेनात. ऑगस्ट 1932 मध्ये कंपनीच्या जॅक फ्राय यांनी विमान बनवणाऱ्यांना एक छोटं पत्र पाठवलं. विमान शक्यतो पूर्ण धातूचं हवं, आणि पूर्ण भरलेलं असताना एक इंजिन बंद पडलं तरी आमच्या कुठल्याही विमानतळावरून ते वर चढलं पाहिजे. डोनाल्ड डग्लस यांनी हे काम घेतलं, तेही दोनच इंजिनांवर. त्यातून जे डीसी-1 बनलं ते जुलै 1933 मध्ये उडालं, आणि त्याच घराण्यातलं डीसी-3 म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीची डाकोटा, 1947 ला श्रीनगरला जवान घेऊन उतरली तीच.

पण पत्रातली ती अट आधी सिद्ध करून दाखवायची होती. त्यासाठी निवडलं ॲरिझोनातलं विन्सलो, समुद्रसपाटीपासून जवळपास पंधराशे मीटर उंच, तिथे हवा विरळ, त्यामुळे पंखांना उचल कमी आणि इंजिनालाही दम कमी. विमान धावपट्टीवर पळालं, चाकं जमीन सोडतायत तोवर एक इंजिन मुद्दाम बंद केलं. विमान जरा डगमगलं असेल, पण चढलं, समोरचे डोंगर ओलांडून साडेतीनशे किलोमीटरहून जास्त पुढे न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला गेलं, आणि तिथे उतरेपर्यंत ते इंजिन बंदच होतं.