हिरवा गंज

नमस्कार श्रोतेहो.

ओहोटीला जेटीवर गेलात, तर भरतीत बुडणाऱ्या लोखंडी खांबावरचा तांबूस गंज जरा खरवडून बघा. खाली कधीकधी निळसर हिरवा थर लागतो. ते शेवाळ नव्हे. वारा लागला की तो थर पिवळा पडतो. हा हिरवा गंज, लोखंडाचाच एक हायड्रॉक्साइड.

शाळेच्या प्रयोगवहीत ‘फेरस हायड्रॉक्साइड, हिरवट साका’ असं मुलं वर्षानुवर्षं लिहितात. फेरस म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड; हवेतल्या ऑक्सिजनने आणखी एक गेला की ते फेरिक. पण शुद्ध फेरस हायड्रॉक्साइड पांढरा असतो. पुन्हा सांगतो, पांढरा.

तो पाहायचा कसा? पाणी १० मिनिटं खळखळ उकळा, झाकून निववा. त्यातल्या १०० मिलीत २ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवा. खडे स्वच्छ हिरवे हवेत. वरची पिवळट पूड आधी धुऊन टाका, ती फेरिक झालेली असते. चुन्याची निवळीही उकळून निवलेल्या पाण्याचीच करा, बाटली गळ्यापर्यंत भरून, बूच लावून. चुना शिंपल्यांचा मिळाला तर उत्तम.

काचेच्या अरुंद बाटलीत ३० मिली निवळी घ्या, वर बोटभर गोडेतेल. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये १० मिली हिराकसाचं पाणी भरा, टोक तेलाच्या खाली न्या आणि सावकाश दाबा. नाचणीच्या सत्त्वासारखे पांढरट ढग उतरतात. कडा लगेच हिरवट होऊ लागतात, कारण पाण्यात चिमूटभर ऑक्सिजन उरलेला असतोच. आता बाटली हलवा. पांढरं हिरवं होतं, गडद होतं, आणि उघडं ठेवलं की वरून खाली केशरी होत जातं. निवळी फार घातलीत तर हिरव्याऐवजी काळपट साका येतो, तो मॅग्नेटाइट, लोखंडाचा काळा ऑक्साइड. म्हणून माप पाळा. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका.

पांढऱ्यात सगळं लोखंड फेरस. हिरव्यात ४ फेरसमागे २ फेरिक. फेरिकचा जादा धन विद्युतभार सांभाळायला स्फटिकाच्या थरांमध्ये ऋणभारित सल्फेट शिरतो, आणि तो समुद्राच्या पाण्यात मुबलक आहे. म्हणून जेटीवरचा थर हिरवा. वहीतला हिरवा रंगसुद्धा ह्याच मधल्या पदार्थाचा. शिक्षकांनी एकदा तरी तेलाखालचा पांढरा साका मुलांना दाखवावाच.

विहिरीचं पाणी शेंदताना नितळ आणि हंड्यात तासाभराने पिवळं, हेही फेरसचं फेरिक होणं. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोखंड असलं की कपड्यांवर डाग पडतात. असं पाणी उंचावरून ओता, रात्रभर ठेवा, सकाळी वाळूतून गाळा. जांभ्यातलं पाणी किंचित आंबट असतं, त्याला पिवळं पडायला जास्त वेळ लागतो. घाईने गाळलंत तर लोखंड वाळूतून तसंच निसटतं.