तळाचा षड्ज

लातूर. मे महिना. सभागृहातले पंखे गरम हवाच ढवळत आहेत. टेबलावर कालच्या पहिल्या प्रयोगाची वही उघडी आहे आणि पहिल्याच पानावर लाल शाईने एक स्वर खोडलेला.

रचना चार सॅक्सोफोनची: सोप्रानो, आल्टो, टेनर, बॅरिटोन. सोबत संबळ. वादक लग्नसराईतल्या बँडपथकांतले, म्हणून वही सरगममध्ये. ही सोय जरा फसवी. चौघांच्या कागदावर ‘सा’ एकच, पण काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा सोप्रानो-टेनरला ई फ्लॅट या पाश्चात्त्य स्वराच्या बोटांनी निघतो, आल्टो-बॅरिटोनला बी फ्लॅटच्या.

संगीतकाराने काळी एक मुद्दाम धरली होती. बॅरिटोनवरचा तळाचा बी फ्लॅट नेमका काळी एकला वाजतो. टेनरवरचा तोच स्वर काळी चारला, म्हणजे पंचम. तंबोऱ्याची सा-प जोडी आयतीच हाती आली!

प्रयोगात सुरुवातीलाच ती फसली. तळाच्या बी फ्लॅटला वाद्याची सगळी भोकं बंद लागतात. भोक झाकणारं एखादं पॅड केसभर उघडं राहिलं, की स्वर गुरगुरतो किंवा वरच्या सप्तकात उडी मारतो. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात चामड्याचं पॅड कडक होतं, रीडचं, म्हणजे फुंकायच्या वेताच्या पातळ पट्टीचं, टोक लाटेसारखं वाकतं. बरं, वाद्य ठणठणीत असलं तरी हा स्वर हळू उठत नाही, ‘भों’ करून फुटतो. वहीत मात्र लिहिलं होतं, ‘अगदी मंद’. यात वादकाचा दोष नाही.

गळती शोधायला सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी पुरते. पॅडखाली ठेवायची, चावी हलकेच दाबायची, पट्टी ओढायची. सहज सुटली तर तिथून हवा जाते. पॅडच्या चारही बाजूंनी हे करायचं. रीड आधी पाण्यात भिजवून सपाट काचेवर ठेवायची. सूर जुळवायचा तो वाद्य वाजवून तापल्यावरच. स्वर चढला तर माउथपीस (तोंडात धरायचा भाग) नळीच्या कॉर्कवर किंचित बाहेर ओढायचा.

आता षड्ज काळी दोनवर सरकला आहे. बॅरिटोनचा सा आणि टेनरचा प, दोन्ही तळाच्या ‘सी’ स्वरावर येतात. तो उजव्या करंगळीने निघतो, डावीची कसरत वाचते. पंचम आधी लागतो, सा संबळाच्या थापेआडून शिरतो. दोघांनी श्वास आळीपाळीने घ्यायचा, नाहीतर आधारच तुटतो.

संबळ दोन हात मागे नेला आहे. त्याच्या शेजारी सोप्रानो ऐकूच येत नव्हता.